ब्रिटिश लोकांना ब्लॅकपूलच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या त्या गावाच्या, जुन्या सुट्ट्यांची एवढी आठवण का येते?

कारण तिथे माणूस एकटा जायचाच नाही, अख्खं गाव जायचं. तिथल्याच लँकशर परगण्यातल्या कापड गिरण्या वर्षातून एक आठवडा बंद व्हायच्या, त्याला वेक्स वीक म्हणायचे, आणि प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, म्हणजे या आठवड्यात ओल्डहॅम तर पुढच्यात दुसरंच कुठलंतरी. १८४६ ला ब्लॅकपूलला रेल्वे पोचली आणि मग काय, बीचवर पण शेजारी तेच, फक्त कपडे जरा बरे! बरं, बऱ्याच जणांना या सुट्टीचा पगार मिळायचा नाही, वर्षभर थोडे थोडे साठवून जायचे. पगारी सुट्टीचा कायदा आला तो थेट १९३८ ला.

राहायचं बोर्डिंग हाऊसमध्ये. तिथल्या मालकिणी फार कडक, नाश्ता झाला की बाहेर, मग पाऊस असो की वारा, आणि काही ठिकाणी टेबलावरच्या मीठ-मिरपुडीचे पण वेगळे पैसे. लोक बिचारे कोट घालून डेकचेअरवर बसून राहायचे.

मला सगळ्यात भारी वाटते ती रॉक नावाची कांडी. साखरेच्या गरम पाकाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची अक्षरं रचून आधी मांडीएवढा जाड गोळा करतात आणि मग तो ओढत ओढत बोटाएवढा बारीक करतात, त्यामुळे कुठेही चावा, ब्लॅकपूल लिहिलेलं दिसणारच.

नंतर साठ-सत्तरच्या दशकात स्पेनची स्वस्त विमान पॅकेजेस आली. तिथे ऊन नक्की असायचं ना!