जर्मनीतील वसंताच्या सुट्टीत काम आणि भटकंती

लातूर-नांदेडकडून जर्मनीत नव्याने शिकायला आलेल्यांनी फेब्रुवारी-मार्चच्या सुट्टीत आधी काम करावे आणि मग फिरावे, कारण त्याच सुमारास गावाकडे ज्वारीच्या काढणीची मजुरी द्यायची असते आणि घरी पैसे मागणे बरे वाटत नाही. २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते; चार तासांपर्यंतचे काम अर्धा दिवस धरले जाते, म्हणून तासांची नोंद वहीत ठेवावी. जर्मन निवास-परवान्यावर इतर शेंगेन देशांत (आपसांत सहसा सीमा-तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, मात्र त्यावर तेथे नोकरी करता येत नाही; हे न कळल्याने मी चेक प्रजासत्ताकातील प्रागमधले हॉटेलचे काम जवळजवळ स्वीकारले होते.