‘स्वस्त बिटकॉइन’ घेण्याआधी

प्रिय मित्रा,

बिटकॉइन आवाक्याबाहेर गेलं, म्हणून बिटकॉइन कॅश घेतो, ‘तेच आहे, फक्त स्वस्त’, असं तू लिहिलंस. जरा दमानं घे. आधी ही भाऊबंदकी समजून घे.

भांडण खोटं नव्हतं. बिटकॉइनचे व्यवहार ज्या गठ्ठ्यांत नोंदले जातात ते ब्लॉक; एका ब्लॉकची मर्यादा १ एमबी, त्यामुळे गर्दी झाली की व्यवहार रखडायचे, फी चढायची. ब्लॉक मोठा हवा म्हणणारे १ ऑगस्ट २०१७ ला वेगळे निघाले, तेच बिटकॉइन कॅश. ब्लॉक ८ एमबीचा, खातेवही मात्र जुनीच. त्यामुळे ज्याच्याकडे जितके बिटकॉइन, त्याला तितकेच बिटकॉइन कॅश फुकटात मिळाले. मग काय, ऑक्टोबरात असंच फुटून बिटकॉइन गोल्डही आलं.

नाव वाटून घेता येतं, मायनर नाही, म्हणजे यंत्रं चालवून नवे ब्लॉक जोडणारे आणि त्याबद्दल नाणी मिळवणारे लोक. बिटकॉइन आणि कॅश एकाच जातीच्या यंत्रांवर चालतात, त्यामुळे मायनर जिकडे नफा तिकडे जातो. यंत्रं गेली तरी ब्लॉकची साखळी थांबू नये म्हणून कॅशवाल्यांनी एक सोय ठेवली होती: सहा ब्लॉकना बारा तासांहून जास्त लागले की काठिण्य, म्हणजे ब्लॉक काढणं किती अवघड ते, २० टक्के उतरायचं. मायनरांनी तिचाच धंदा केला. निघून जायचं, काठिण्य पडू द्यायचं, परत येऊन धडाधड ब्लॉक काढायचे आणि पुन्हा पसार. अखेर नोव्हेंबरात तो नियमच बदलावा लागला.

भावाची गोष्ट तर याहून वाईट. १९ डिसेंबर २०१७ ला कॉइनबेस या नाण्यांची खरेदी-विक्री चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं कॅशची खरेदी-विक्री सुरू केली. त्यांच्या एक्स्चेंजवर काही मिनिटांत भाव ८,५०० डॉलरला गेला, बाहेर तो त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. सौदे थांबवावे लागले. घोषणेच्या आधीच भाव चढायला लागला होता, म्हणून कंपनीला अंतर्गत चौकशीही करावी लागली. त्या दिवशी ८,५०० ला घेणारा ब्लॉकच्या आकाराबद्दल विचार करत होता, असं मला तरी वाटत नाही.

गोल्डचं काय झालं? मे २०१८ मध्ये कुणीतरी त्याची निम्म्याहून जास्त मायनिंग ताकद हाताशी धरली आणि तीच नाणी दोनदा खर्च करून एक्स्चेंजना सुमारे १.८ कोटी डॉलरना गंडवलं. नोव्हेंबरात कॅशच फुटलं, बिटकॉइन एसव्ही निघालं, आणि दोन्ही बाजूंनी तोटा सोसून यंत्रं चालवली.

तेव्हा एका नाण्याची किंमत बघून स्वस्त-महाग ठरवू नकोस. त्या साखळीवर किती हॅशरेट (यंत्रांची एकूण मायनिंग ताकद) आहे आणि त्याच यंत्रांची बिटकॉइनवरची ताकद किती, ते बघ. तफावत प्रचंड असेल, तर बिटकॉइनवरच्या मायनरांपैकी थोडेसे वळले तरी ती साखळी धोक्यात येते. आणि आपल्याकडचा कर विसरू नकोस: नफ्यावर ३० टक्के, वर एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. दोन्हीकडे थोडे थोडे पैसे लावून ठेवावेत असं मनात आलंच, तर तो बेत तिथेच लंगडा पडतो.

हॅशरेटचे दोन्ही आकडे काढून मला पाठव. मग बोलू.

तुझा,
काका