'भावा', 'भाऊ' आणि 'भाई' यांत फरक काय? कुणाला काय म्हणायचं?

तुम्ही मूळचे इंदूरचे, घरी मराठीच बोलता, तरी पुण्यात आल्यापासून गोंधळलाय असं लिहिलंय. ऑफिसातली पोरं 'भावा' म्हणतात, फ्लेक्सवर 'भाऊ' झळकतात आणि सिग्नलला कुणीतरी 'ओ भाऊ' करत अंगावर येतं. तक्रार रास्त आहे.

'भावा'चं सोपं आहे. वय, हुद्दा काही न विचारता तो समोरच्याला थेट बरोबरीला बसवतो. कोल्हापूरकडे तर त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही: 'मानलं भावा', 'विषय हार्ड हाय भावा'. हल्ली मुलीही एकमेकींना बिनधास्त 'भावा' म्हणतात. सासऱ्यांना तेवढं म्हणू नका.

'भाऊ'चं सगळं सुरावर आहे. 'भाऊ, दोन कटिंग द्या' यात आदर आहे. पण आधी 'ओ' लागला की समजायचं, बाह्या सरसावल्या. 'ओ भाऊ, इंडिकेटर काय शोभेला लावलाय का?' यात एक शिवी नाही, उलट 'अहो-जाहो' शाबूत आहे, आणि तरी भांडण पुरतं पेटलेलं असतं. हे फार पुणेरी आहे असं माझं मत. नागपूरकडे कंडक्टरपासून प्राध्यापकापर्यंत सगळेच भाऊ, त्यात ना खुन्नस ना खुशामत. जळगावकडे त्याचाच 'भो' होतो: 'काय भो, कुठे निघाला?'

फ्लेक्सवरचे भाऊ ही जमातच निराळी. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाइल, आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज फोटो दाटीवाटीने. खरं नाव शोधावं लागतं, 'भाऊ' मात्र दुसऱ्या टोकाच्या चौकातूनही वाचता येतं.

हे आजचं फॅड नाही बरं. एकत्र कुटुंबात धाकटे दीर-पुतणे ज्याला भाऊ म्हणत, त्याला त्याची स्वतःची पोरंही भाऊच म्हणायची. बापाला भाऊ म्हणणारी घरं अजून आहेत. मुंबईत भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव दिलं ते डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे रामकृष्ण विठ्ठल लाड. रेवस-मोऱ्याच्या लाँच सुटतात तो भाऊचा धक्का बांधला लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी, त्यांना लोक भाऊ म्हणत. 2024 मध्ये 'बिग बॉस मराठी'त रितेश देशमुख आठवड्याच्या शेवटी घरातल्यांची झाडाझडती घ्यायचा, त्या भागालाही नाव 'भाऊचा धक्का'च दिलं. नव्या पोरांना आता तोच आधी आठवतो.

'भाई'ची कथा मात्र खरंच गमतीची आहे. शेतकरी कामगार पक्षात कॉम्रेडच्या जागी 'भाई' म्हणत: भाई उद्धवराव पाटील, भाई एन. डी. पाटील. पु. ल. देशपांडेही जवळच्यांचे भाईच. पुढे मुंबईच्या टोळ्यांनी आणि हिंदी सिनेमाने शब्द असा काही उचलला, की आज 'भाईंचा फोन आला होता' म्हटलं तर आधी घाम फुटतो. 'दादा'चंही तेच झालं, 'दादागिरी' तर हिंदीतही स्थिरावली.

आणि सख्ख्या भावांच्या वाट्याला भाषेने काय ठेवलं? भाऊबीज सोडली तर भाऊबंदकी. नारायणराव पेशव्यांच्या खुनावर कृ. प्र. खाडिलकरांनी 1909 साली नाटक लिहिलं, त्याचं नावच 'भाऊबंदकी'. गावाकडे 'भावकी' म्हटलं की बांध, सातबारा आणि कोर्टाची तारीख एकदमच डोळ्यांपुढे येतात. रीलवाल्यांनी आता तिचा विनोद केलाय: शेतात नवा ट्रॅक्टर आला की खाली कमेंट ठरलेली, 'भावकी जळली'. जाता जाता, 'भाऊगर्दी'तला भाऊ म्हणजे पानिपतावरचे सदाशिवरावभाऊ. पण निवडणुकीला उभ्या राहिलेल्या भाऊंची गर्दी पाहिली की वेगळाच अर्थ सुचतो.

आता तुमच्यापुरतं. टपरीवर 'भाऊ', मित्राला 'भावा', आणि 'भाई' मित्र स्वतःहून म्हणू लागले तरच. बहिणीच्या नवऱ्याला 'भावोजी' म्हणा, आदेश बांदेकरांमुळे तो शब्द टीव्ही बघणाऱ्या प्रत्येक घरात पोचलाय. रिक्षावाल्याला 'दादा' सगळ्यात सेफ. 'काका' म्हणालात आणि तो पस्तिशीचा निघाला, तर मीटरने येणार नाही.