मामा परदेशी गेलाय, असं किती दिवस सांगणार?

पत्र: ताई, माझा धाकटा भाऊ नशेच्या नादात घरफोडी करून आत गेलाय, अजून आठ महिने बाकी आहेत. तीनदा भेटायला गेले, दरवेळी विचारलं असं का केलंस, तो मान खाली घालून बसतो. नवरा म्हणतो आता बास. सात वर्षांच्या मुलीला सांगितलंय मामा परदेशात नोकरीला गेलाय. मी जायचं थांबवू का?

उत्तर: थांबवू नकोस गं. पण तो प्रश्न विचारणं मात्र थांबव. काचेपलीकडे बसलेला माणूस, मागे पहारेकरी, भेटीची मिनिटं मोजलेली, त्यात तो 'का केलंस'चं काय उत्तर देणार, आणि खरं सांगायचं तर त्याचं त्यालाही अजून नीट कळलं नसेल.

मी काही वर्षं एका तुरुंगात कैद्यांना पत्रं वाचून दाखवायला, लिहून द्यायला जायचे. तिथला एक जण बहिणीचं पत्र आलं की म्हणायचा, शेवटून वाचा. कारण ती शेवटी त्यांच्या कुत्र्याबद्दल दोन ओळी लिहायची, आज चप्पल पळवली, आज पावसात भिजून सोफ्यावर चढला असलं काहीतरी. वरचा सगळा उपदेश मी वाचेपर्यंत तो उठून गेलेला असायचा :) तर तू कुत्र्याचं लिही. कुत्रा नसेल तर गळक्या नळाचं लिही. आणि प्रत्येक पत्रावर कोपऱ्यात नंबर टाक, १, २, ३, कारण आत पत्रं तपासून मग देतात, कधी उशिरा मिळतात, कधी पुढची आधी मिळतात, नंबर असला की मधलं एखादं राहिलंय हे त्याला कळतं, नाहीतर तो समजतो ताईने लिहिणंच सोडलं.

भेटून काय फरक पडतो असं नवरा विचारेल. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने सुटलेल्या सोळा हजारांवर कैद्यांचा अभ्यास करून तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला, तर आत असताना ज्यांना कोणी ना कोणी भेटायला आलं होतं त्यांची पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी निघाली. आणि सगळ्यात उपयोगी पडलेल्या भेटींमध्ये भावंडांच्या भेटी होत्या बरं का. सुटका जवळ आली असतानाच्या भेटी जास्त कामी आल्या, म्हणजे तुझे हे आठ महिनेच.

ज्यांचं घर फुटलं त्यांचं नुकसान झालंच आहे, ते भेटायला जाऊन पुसलं जात नाही आणि तू पुसायला जातही नाहीयेस. त्याची शिक्षा कोर्टाने ठरवलीय, त्यात बहीण तोडणं कुठे लिहिलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांसाठी जे नियम मंजूर केले, मंडेलांचं नाव दिलेले, त्यात तर आत बेशिस्त वागला म्हणूनही घरच्यांशी संपर्क बंद करायचा नाही असं आहे, मग आपण घरच्यांनीच का तोडायचा?

पण नवऱ्याला व्हिलन करू नकोस हां. मला वाटतं त्याची भीती भेटीची नाहीच, सुटल्यावर हा बॅग घेऊन दारात उभा राहील ही आहे. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. भेटायला जाणं म्हणजे घरात ठेवून घेणं नव्हे, हे त्याला सांग आणि भावालाही आत्ताच स्पष्ट सांग. मग कुठे राहणार, ओळखपत्रं कुठे आहेत, नशामुक्तीचे उपचार कुठे घ्यायचे हे आत्तापासून बघायला घे. हे मी उगाच नाही म्हणत. २००७ मध्ये आलेल्या वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मरणाचा धोका इतर लोकांच्या जवळजवळ १३ पट निघाला होता, आणि त्यात सगळ्यात मोठं कारण ओव्हरडोस. आत शरीराची सवय सुटलेली असते, बाहेर आला की माणूस जुन्याच मापाने घेतो. त्यामुळे पहिले पंधरा दिवस तो एकटा नको, एवढं कोणीतरी बघा.

आता लेक. अगं, मुलांना दाराआडून सगळं ऐकू येतं, फक्त अर्धवट. परदेशातला मामा फोन का करत नाही हे ती एक दिवस विचारेल, किंवा शाळेत कोणीतरी तुझ्याआधी सांगेल, ते जास्त वाईट. मामाने दुसऱ्याच्या वस्तू घेतल्या, ते चूक होतं, म्हणून त्याला काही दिवस एका जागी राहावं लागतंय, तो ठीक आहे, इतकं पुरे. यात तुझी काही चूक नाही हेही सांग, मुलं कसलाही दोष स्वतःवर घेतात. रडली तर रडू दे.

आणि चित्र काढायला लाव तिला, पत्र नंबर १ सोबत जाऊ दे. स्टिकर किंवा चमकी मात्र लावू देऊ नकोस, बऱ्याच ठिकाणी ती आत सोडत नाहीत, सगळं पत्रच परत येतं.