'वेंट' पाठ आहे, तरी 'गोएड' का म्हणतात?

ताई, परभणीकडच्या तुमच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या लेकरांना पन्नास क्रियापदांची तिन्ही रूपं पाठ आहेत. तरी बोलायला लावलं की 'आय गोएड' आणि 'ही डिड नॉट वेंट' ऐकू येतं, असं तुम्ही लिहिलंय. या दोन चुका वेगवेगळ्या कारणांनी होतात, म्हणून त्यांवरचे उपायही वेगळे.

'गोएड'ची काळजी नको. लेकरानं भूतकाळासाठी क्रियापदाला 'ईडी' (ed) जोडायचा नियम पकडलाय आणि तो दिसेल तिथं लावतंय. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही आधी 'वेंट' म्हणतात, मग काही काळ 'गोएड'वर जातात आणि पुन्हा 'वेंट'वर येतात. आपल्याकडे 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणणारी लहान पोरं असतातच की. 'चूक' म्हणून अडवू नका. "ओह, यू वेंट टू द बाजार?" असं बरोबर रूप सहज परत ऐकवा आणि बोलणं पुढं न्या.

आधी सगळी रेग्युलर ('ईडी' लागणारी) आणि मग इरेग्युलर ('ईडी' न लागणारी) क्रियापदं, हा क्रम मला पटत नाही. रोजच्या बोलण्यातली गो, कम, ईट, सी, टेक, गिव्ह, मेक, हॅव ही सगळी इरेग्युलर आहेत. ती नसतील तर लेकरू कालचं काही सांगूच शकत नाही. ही आठ आधी, नियम न सांगता, वाक्यात घ्या: 'यस्टरडे आय वेंट टू द बाजार.' मराठीत गेलो, गेली, गेले असं बदलतं, इंग्रजीत सगळ्यांना एकच 'वेंट', हे ऐकून पोरं खूश होतात. तिसरं रूप आत्ता नको. 'हॅव' लावून वाक्यं करायची वेळ येईल तेव्हा बघू.

मग 'ईडी'. इथं घोटाळा लेखनाचा आहे. छापलेलं 'ईडी' दिसतं म्हणून लेकरं 'पिकेड', 'वॉशेड' म्हणतात. म्हणून फळ्यावर लिहायच्या आधी कानानं शिकवा. गळ्यावर दोन बोटं ठेवून आधी लांब 'स्स्स', मग 'म्म्म' म्हणायला लावा. 'म्म्म'ला गळा थरथरतो. मूळ क्रियापदाच्या शेवटच्या आवाजाला थरथर नसेल तर 'ट' लागतो: पिक्ट, वॉश्ट, जम्प्ट. थरथर असेल तर 'ड': प्लेड, क्लीन्ड, ओपन्ड. शेवटी ट किंवा ड असेल तरच 'इड' वेगळा ऐकू येतो: वाँटिड, नीडिड. कापूस वेचणीच्या दिवसांत 'वी पिक्ट कॉटन' हे वाक्य आयतंच मिळतं.

'डिड नॉट वेंट' मात्र चालवून घेऊ नका. 'गेला नाही' म्हणताना मराठीत भूतकाळ क्रियापदावरच राहतो, तेच मूल इंग्रजीत नेतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिकटवा आणि कार्ड करा: एका बाजूला 'गो', दुसऱ्या बाजूला 'वेंट'. 'डिड'चं कार्ड वेगळ्या रंगाचं. 'वेंट'समोर 'डिड' ठेवलं की लेकरानं स्वतःच्या हातानं कार्ड उलटून 'गो' करायचं. सांगायचं एवढंच: भूतकाळ 'डिड'नं घेतला, आता क्रियापद मोकळं. प्रश्नालाही तेच: 'डिड यू गो?'

पहिली आठ तोंडात बसली की बाकीची आवाजाच्या जोडीनं द्या, आठवड्याला चार-पाच. कट, पुट, हिट, शट बदलतच नाहीत, ती एका दिवसात होतात. स्लेप्ट, केप्ट, स्वेप्ट एकत्र. सँग, रँग, ड्रँक एकत्र. 'ब्रिंग' या सँग-रँगच्या गटाजवळ येऊ देऊ नका, लगेच 'ब्रँग' होतं. ते थॉट, कॉट, टॉटसोबत. 'बॉट' आणि 'ब्रॉट' मात्र एका आठवड्यात घेऊ नका. एकदा गोंधळ बसला की विकत घेतलेलं आणि आणलेलं वेगळं करता करता सत्र संपतं.

परीक्षेत तिन्ही रूपांचा तक्ता विचारतात, तो टाळता येत नाही. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत तो लावा, पण आधी वाक्यात वापरलेल्या क्रियापदांचाच. दुसरा रकाना लेकरांनी न बघता भरायचा, तिसरा तुम्ही सांगायचा.