सही कुठे करायची?

"ताई, साड्या रंगवणारी बाई चित्रकार असते का?" पहिल्याच भेटीत, पर्स मांडीवरून खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, कापडावर काम करणाऱ्या कलाकारांकडून हा प्रश्न मी निरनिराळ्या शब्दांत बऱ्याचदा ऐकलाय. पोटासाठी केलं की कला बाटते का, अशी ती धास्ती असते.

त्यांना मीनल म्हणू (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत). वय 41, शिक्षण चित्रकलेचं, आणि आठ वर्षं रेशमी साड्या, ओढण्या, स्टोल हाताने रंगवून विकतात. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका जुन्या मित्राने सहज विचारलं, "अजून साड्याच का?" त्या दिवसापासून ब्रश हातात धरवत नव्हता, तीन आठवडे झोप नीट नव्हती. आधी फॅमिली डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्यायला लावल्या. त्यात काही निघालं नाही.

मग माझी चूक झाली. मी त्यांना वेळापत्रक आखून दिलं: सकाळी दोन तास कॅनव्हास, दुपारी साड्या. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "सकाळी कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून रडते, दुपारी साडीसमोर." म्हणजे अडचण वेळेची नव्हतीच. वेळापत्रक गुंडाळलं आणि म्हटलं, "तुमचं एक काम घेऊन या. मला बघायचंय."

आणली ती गडद निळी साडी. काठाजवळ पिवळसर गवत, पदराकडे ते दाट होत गेलेलं. कशी करता म्हणून विचारलं तर खुलल्या. खोली दहा बाय बाराची, त्यात साडेपाच मीटर कापड पसरायचं कुठे? म्हणून चौकटीवर थोडं थोडं ताणायचं, रंग एकमेकांत पसरू नयेत म्हणून गुट्ट्याची, म्हणजे रबरासारख्या चिकट द्रवाची, रेघ ओढायची, तेवढा भाग रंगवायचा, वाळला की गुंडाळून पुढचा घ्यायचा. शेवटी सगळी साडी कागदात गुंडाळून वाफ द्यायची, म्हणजे रंग पक्का बसतो. "अख्खी साडी एकदम मी बघतच नाही हो. कुणी नेसली तर तिच्या अंगावरच."

आम्ही उठलो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, आणि मी दार उघडून पार बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेले. बाकड्यावरच्या आजोबांनी पाय वर घेतले. मीनल आतून नुसत्या बघत उभ्या होत्या. बराच वेळ.

"सही कुठेय?" मी विचारलं. त्यांनी आतलं टोक दाखवलं, कमरेला खोचतात ते. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी सही.

"इथे का?"

"इथे कुणाला दिसत नाही."

मला हवं होतं ते तिथे होतं. वडिलांनी त्यांचं कॉलेजातलं एक तैलचित्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेलं, साडी मात्र एकही कधी हातात घेऊन पाहिली नाही, हे त्यानंतरच्या दोन भेटींत निघालं. एकदा मी कॉलेजातली आवडती चित्रकार विचारली. "सोनिया डेलोने," त्या लगेच म्हणाल्या आणि दहा मिनिटं थांबल्याच नाहीत. 1911 मध्ये तिने तान्ह्या मुलासाठी तुकडे जोडून गोधडी शिवली आणि तिथून तिची अमूर्त चित्रं सुरू झाली. 1917 च्या रशियन क्रांतीनंतर रशियातल्या घरून येणारं उत्पन्न थांबलं, तेव्हा तिच्या कपड्यांनी आणि कापडांनी संसार चालवला. 1964 मध्ये, तिच्या हयातीतच, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिचं प्रदर्शन झालं. एरवी मोठ्यांची उदाहरणं देऊन समुपदेशन होतं यावर माझा विश्वास नाही, समोरचा माणूस आणखी खुजा होतो. पण हे उदाहरण त्यांचंच होतं. मी एवढंच म्हटलं, "तिच्याबद्दल बोलताना 'नुसती कापडं' असं एकदाही आलं नाही तुमच्या तोंडी."

मग हिशोब काढला. एका साडीला 46 तास. विक्री 6000 रुपयांना. त्यातून कापडाचे 3200 आणि रंग-वाफेचे 500 वजा केले की हातात 2300, म्हणजे तासाला 50 रुपये. त्या कागदाकडे पाहून गप्प बसल्या. स्वतःला चित्रकार म्हणायची लाज होती, म्हणून मजुरी लावायचीही लाज होती. वर "घरीच तर करतेस" म्हणणारे नातेवाईक आहेतच.

नवा भाव पहिल्यांदा सांगायची वेळ आली ती मावससासूबाईंना. तळव्यांना घाम फुटला म्हणाल्या, पण आकडा सांगितला. मावशी "विचार करून कळवते" म्हणाल्या, त्यानंतर फोनच नाही. मीनल दोन दिवस अस्वस्थ होत्या. रात्री मात्र झोपल्या.

कॅनव्हास अजून कोराच आहे, त्यावर ओले स्टोल वाळत असतात. मागच्या महिन्यात नवीन साडीचा फोटो पाठवला, मोठा करून पाहिला. सही अजून तांदळाएवढीच, पण पदरावर.