हवा थांबली की मोटर ट्रिप

प्रश्न : आमच्या फर्मेंटरला (सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीला) सहा सपाट पात्यांचा रश्टन इम्पेलर, म्हणजे ढवळणारा पंखा, आहे. हवा बंद पडली की मोटर ओव्हरलोडने ट्रिप होते. असं का?

उत्तर : हवा चालू असताना पात्यांमागे वायूची पोकळी साचते आणि रश्टनचा भार निम्म्यावरही येतो. मोटर बहुधा त्याच भाराला पुरेल अशी घेतलेली असावी. हवा थांबताच पूर्ण भार येतो. व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाला) इंटरलॉक द्या, म्हणजे हवा थांबताच वेग आपोआप उतरेल. शक्ती वेगाच्या घनात बदलते, त्यामुळे वेग २० टक्के उतरवला की ती जवळपास निम्मी होते. व्यास मात्र पाचव्या घातात! १० टक्के मोठा इम्पेलर ६१ टक्के जास्त शक्ती ओढेल. कायमचा इलाज म्हणजे अर्धगोल पात्यांचा इम्पेलर. हवेत त्याचा भार फारसा घसरत नाही. बॅफल (टाकीच्या भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या) काढून भार उतरवू नका, नुसता भोवरा फिरेल.